डावी खोली वाईटच राहू दे

दौंड
१४ मार्च २०२३

बिरदेव,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तुझं काम बघू दे.

तुझा निरोप मोबाइलवर आला. गुलाबाचं फूल, जोडलेले हात आणि ‘आक्का नकाशा द्या’. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्या वर्गात उत्तर पूर्ण वाक्यात लिहिलं नाही तर शून्य मिळायचं. तेव्हा या कामाबद्दल जे काही असेल ते यापुढे कागदावर. स्पीड पोस्ट शिक्रापूरहून दौंडला दोन-तीन दिवसांत येते.

शेजारची कंपनी तुमच्या पालवस्तीला वीज बचतीचं नमुना घर बांधून देणार आणि उपसरपंच म्हणून तू ते उभं करून घेणार, हे वाचून बरं वाटलं. वीज कमी जाळून घर गार कसं ठेवायचं, हे लोकांना भाषणानं कळत नाही. वर्गात मी बुटांची दोन खोकी उन्हात ठेवायचे. एकाला वरून काळा कागद, दुसऱ्याला पांढरा, आत एकेक थर्मामीटर. अर्ध्या तासानं मुलं स्वतः आकडे वाचायची. मला तोंड उघडावं लागायचं नाही. तुझं नमुना घर म्हणजे तीच दोन खोकी, फक्त माणूस आत मावेल एवढी.

नकाशा सोबत आहे. एकाच मापाच्या दोन खोल्या, शेजारी शेजारी. उजवी चांगली: पत्र्यावर चुना, पत्र्याखाली बांबूची चटई, समोरासमोर खिडक्या, भिंतीत अगदी वर गरम हवा बाहेर जायला झरोके. डावी वाईट: उघडा पत्रा, एक दार, एक टीचभर खिडकी. आलेल्या माणसाला आधी डावीकडे पाच मिनिटं बसवायचं, मग उजवीकडे पाच मिनिटं. दोन्हीकडे थर्मामीटर. संपला धडा.

नीट वाच: डावी खोली वाईटच राहिली पाहिजे. सगळा धडा त्या खोलीत आहे.

लोकांना माहिती सांगायला तू हर्षदाला नेमलंस. तुझी सून बारावी सायन्स आहे हे घरात कुणाच्या तरी लक्षात आलं, याबद्दल अभिनंदन. तुझे वडील, आमचे ज्योतिबाकाका, मेंढरं घेऊन हिंडायचे तेव्हा पाल ठोकताना वारा आत खेळावा म्हणून वाऱ्याकडचा पदर वर बांधायचे. ते शाळेची पायरी चढले नव्हते. तू दहावी पास आहेस. बघू.

सुषमाआक्का


पालवस्ती, शिक्रापूरजवळ
२९ मार्च २०२३

सुषमाआक्का,

बिरदेवचा पाया पडून नमस्कार. तुम्ही म्हनला म्हून कागद घेतला. हात आत्तापास्नंच दुखतोय.

घर झालं. बघाल तर बघतच ऱ्हाल. उजवी खोली नकाशात हाय तशीच केली, झरोक्यासकट. डाव्या खोलीचं मात्र आक्का, तुमचं जरा चुकलं. रागावू नका. गवंडी खाली उतरला, मी आत जाऊन हुबा ऱ्हायलो, आन् मलाच लाज वाटली. कंपनीचं सायेब येनार, जिल्ह्यावरनं अधिकारी येनार, आन् आपन त्यान्ला उकाड्यात बसवायचं? दारात आलेल्या मानसाला आपन मोडकी बाज देतो का? आई मेंढरामागं हुती तवा बी पाव्हण्याला नवं घोंगडं काढायची. म्हून डावी बी झकास करून टाकली. पीओपीचं छत, फरशी, पडदं, मोठा कूलर. आता दोन्ही खोल्या गार, दोन्हीकडं थर्मामीटर सारखाच दावतो. हर्षदा म्हनली, “आबा, मग मी सांगू काय?” मी म्हनलो, “सांग की, दोन्ही चांगल्या हायती.”

दुसरं, नमुना घराच्या मागंच माझ्या भाड्याच्या बारा खोल्या हायती, तुम्ही बघितल्यात. तिथल्या बाया पत्र्यावर ओली गोणपाटं टाकत्यात. सात नंबरची अनिता तर रोज दुपारी शिडी लावून पानी वतायची. पाव्हण्यांच्या गाड्या तिथनंच येनार. गोणपाटं म्हंजी कसं गबाळं दिसतं. समदी काढायला लावली, शिडी आत ठिवली, दुपारचा नळ बंद केला. आता पत्रं कसं चमकत्यात!

उद्घाटन एक मेला. तुमचं भाषन ठिवलंय.

बिरदेव


दौंड
४ एप्रिल २०२३

बिरदेव,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी हसले. ती माझी चूक. दुसऱ्यांदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

वीज बचतीच्या घरात कूलर! मग मांडव घालून पाहुण्यांना जेवायलाच का नाही घालत? दोन्ही खोक्यांना पांढरा कागद लावलास आणि वर म्हणतोस माझंच चुकलं.

पण खरा संताप त्याचा नाही. उघड्या पत्र्याखाली उभं राहून तुला लाज वाटली, असं तू स्वतःच्या हातानं लिहिलंस. पाहुण्यांना तिथं पाच मिनिटं बसवायचं म्हणून वाटली. तशाच पत्र्याच्या बारा खोल्या तू भाड्यानं दिल्यास. तिथं माणसं वर्षानुवर्षं राहतात. त्याची लाज कधी वाटली होती? की ती माणसं दारात आलेली नाहीत, नुसती भाड्यानं आलेली आहेत?

आणि अनितानं केलं ते नकाशात लिहायला मीच विसरले होते. ओलं गोणपाट वाळताना पत्र्याची उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. तुझ्या वस्तीत हा धडा शिकवणारी बाई शिडीवर उभी होती, आणि तू तिची शिडी काढून घेतलीस.

गोणपाटं आजच्या आज परत टाक. नळ सोड. डाव्या खोलीतला कूलर उचल. उजव्या खोलीवर मारलास तोच चुना बारा खोल्यांच्या पत्र्यावर मार. त्याला ना साहेब लागतो, ना नारळ.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, सुवाच्य अक्षर आणि नजर न चुकवता बोलणं. दुसरी वापरायला मी आले असते, पण २८ तारखेला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तुझं नशीब.

सुषमाआक्का


पालवस्ती
१८ एप्रिल २०२३

सुषमाआक्का,

तुमचं पत्र घरात कुनाला दावलं न्हाई. दावन्याजोगं बी नव्हतं.

आक्का, तुम्ही लांबनं बोलताय. पानी वतून वतून पत्र्याला गंज धरतो. भाडेकरू आज हाय, उद्या न्हाई, पत्रा माझा ऱ्हातोय. खोलीखोलीत पंखा दिलाय. आन् दुपारी घरात बसतंय कोन? कामाचा मानूस दिवसा झोपत न्हाई. चुन्याचं काय ते उद्घाटन झाल्यावर बघू.

मधी एका भाडेकरूला कंपनीत मशिनवर थोडं लागलं, त्या धावपळीत पत्राला उशीर झाला. बाकी समदं ठीक. निमंत्रणपत्रिका पाठवतोय, त्यात तुमचं नाव छापलंय, ‘ज्येष्ठ विचारवंत’ म्हून. आईनं डोळ्याचं इचारलंय.

बिरदेव


पालवस्ती
२१ एप्रिल २०२३

आत्याबाई,

मी हर्षदा. हे पत्र आबांना माहीत नाही. तुमची पत्रं मी वाचली. आबांनी उशीखाली ठेवली होती आणि अंथरूण मी काढते. अठरा तारखेचं त्यांचं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं, तेही वाचलं.

‘थोडं लागलं’ म्हणून त्यांनी लिहिलं, तो माणूस म्हणजे अनिताचा नवरा, विनोद. सात नंबरचाच. त्याला कायमची रात्रपाळी. सकाळी आठला येतो आणि दिवसा झोपतो. अनिता पाणी ओतायची ते त्याला झोप लागावी म्हणून. गोणपाटं काढली तेव्हापासून त्याला झोप नाही. फरशीवर पाणी टाकून त्यात पडायचा. मग बाहेर उभ्या ट्रकच्या सावलीत जाऊन पडायचा, तर ड्रायव्हर “अरे भाई, गाडी निकालना है” म्हणून उठवायचा. अकरा तारखेला पाळी संपता संपता मशिनवर त्याला डुलकी लागली. उजव्या हाताचं मधलं बोट गेलं.

अनिता रडली नाही. मला एवढंच म्हणाली, “ताई, दोन गोणपाटं तर होती.”

काल दुपारी दोनला मी नमुना घरातला थर्मामीटर पदराखाली घेऊन सात नंबरात गेले. चव्वेचाळीस. तोच आपल्या उजव्या खोलीत आणला तर चौतीस. आबा म्हणतात पंखा आहे की. पंखा होता, आत्याबाई. तो ते चव्वेचाळीसच गरागरा फिरवत होता.

एक मेला वाचायला मला कागद दिलाय. त्यात वाक्य आहे, ‘आमच्या वस्तीतल्या घराघरांत असाच गारवा नांदतो.’ ते माझ्या तोंडातून निघायचं नाही. पण मला याच घरात राहायचंय. काय करू?

हर्षदा


दौंड
२४ एप्रिल २०२३

हर्षदा,

तू लिहिलंस ते वाचून मी सकाळपासून घरात येरझारा घालतेय. तुझ्या सासऱ्याला आज लिहिलं तर कागद जळेल, म्हणून तुला लिहिते.

तुला याच घरात राहायचंय, हे मी विसरलेले नाही. म्हणून भांडू नकोस. कुणाचं नाव घेऊ नकोस. नुसता धडा घे. तो ठरलेला आहे: आधी वाईट खोली पाच मिनिटं, मग चांगली पाच मिनिटं. नकाशात तसं लिहिलंय आणि तो नकाशा तुझ्या सासऱ्यानंच मंजूर करून घेतलाय. डावी खोली आता वाईट उरली नाही. तेव्हा वाईट खोली जिथं असेल तिथं पाहुण्यांना न्यायचं.

पण आधी अनिताला विचार. ती नको म्हणाली तर विषय संपला. तिचं घर काही जत्रेतला तंबू नाही. हो म्हणाली तर पाहुणे आत घे, दार लाव, हातात घड्याळ धर. पाच मिनिटं झाली की आकडा मोठ्यानं वाच आणि गप्प उभी राहा. गप्प उभं राहणं मला जन्मात जमलं नाही. तुला जमेल.

घरात कुणी आवाज चढवला तर हे पत्र पुढं कर. म्हणावं, आत्याबाईंनी सांगितलं.

सुषमाआत्या


पालवस्ती
५ मे २०२३

आक्का,

नाक कापलं तुम्ही माझं. सख्ख्या चुलतभावाचं.

फीत कापली, टाळ्या झाल्या, आन् माझी सून म्हनती, “साहेब, आधी वाईट खोली बघायची असते.” सायेब हासलं. त्यान्ला वाटलं कायतरी गंमत हाय. निघाली ती मागं, आन् तिच्यामागं समदी वरात. सात नंबरचं दार अनितानं उघडं धरलेलं. सायेब, दोन अधिकारी, मी, सरपंच, आत गेलो. त्यो विनोद कोपऱ्यात हाताला पट्टी बांधून बसलेला. हर्षदानं दार लावलं.

दोन मिंटात सायबाची शाल खाली. “दार उघडा जरा.” ही म्हनती, “अजून तीन मिनिटं आहेत साहेब.” सायेब म्हनलं, “अहो, हे घर कुणाचं आहे?” अनिता म्हनली, “भाड्यानं हाय साहेब. घर कुठलं!” पाच मिंटं झाली, हिनं आकडा वाचला, त्रेचाळीस. माझं नाव कुनी घेतलं न्हाई. पर समदी माझ्याकडंच बघत हुती.

तुमचं पत्र बी दावलं मला तिनं. माझ्याच घरातलं मानूस तुम्ही फितवलं. खोल्या माझ्या हायती. ज्याला पटत न्हाई त्यानं सोडून जावं. अनिताला सांगितलंय, महिनाअखेर सात नंबर खाली करा. आता लिहा काय लिहायचं ते.

बिरदेव


दौंड
८ मे २०२३

बिरदेव,

एका डोळ्यानं लिहितेय. ओळ तिरकी गेली तर समजून घे. राग सरळ आहे.

तुझं नाक पाच मिनिटांत कापलं गेलं. त्याचं बोट कायमचं गेलं, आणि त्याला तू ‘थोडं लागलं’ म्हणालास. आता ज्याचं गेलं त्यालाच घराबाहेर काढतोस? कामाचा माणूस दिवसा झोपत नाही, असं तूच लिहिलंस ना? तुझ्याच खोलीत रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, आणि मालकाला त्याचा पत्ता नाही!

भांडून यातलं काही ठरणार नाही. सात नंबरात एक दुपार तू झोप. अनिताची परवानगी घे, बारा ते तीन, दार लावून, तुझा तो पंखा लावून. झोप लागली तर त्यांना खुशाल बाहेर काढ, मी पुन्हा तुला एक ओळ लिहिणार नाही. नाही लागली तर काय करायचं ते मी सांगायची गरज पडू नये.

शेपूट घालणार असशील तर हे पत्र तुझ्या आईला, बानूकाकूंना वाचून दाखव. पुढचं त्या बघतील.

सुषमाआक्का


पालवस्ती
२ जून २०२३

सुषमाआक्का,

पत्र मी आईला वाचून दावलं न्हाई. हर्षदानं दावलं. आई म्हनली, “बिऱ्या, ऊठ. मी भायेर घोंगडं टाकून बसते. तुझा भरवसा न्हाई.”

बाराला आत गेलो. अनिता आन् विनोद शेजारच्या खोलीत बसली. मी पडलो. पत्र्याची झळ पंखा खाली अंगावर आनून टाकत हुता. उशी तापली, उलटी केली, ती बाजू बी तापलेली. एका कुशीवर, दुसऱ्या कुशीवर. वाटलं दोन तर वाजलं आसतील. घड्याळ बघितलं, साडेबारा. उठून दार वढलं तर भायेरनं कडी.

“आई, कडी काढ.”

“तीन वाजलं का रं?”

“अगं, मरतो की मी हितं!”

“विनोद कुठं मेला? त्याचं नुसतं बोटच गेलं.”

लई हाका मारल्या, आक्का. आई हालली न्हाई. एक वाजता कडी अनितानं काढली. आईनं न्हाई, अनितानं. पान्याचा तांब्या पुढं धरला. चार शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं.

मग कामाला लागलो. बाराच्या बारा खोल्यांना चुना मारला, फेव्हिकॉल घालून, म्हंजी पावसात लगेच धुपायचा न्हाई. मागल्या भिंतींना वर झरोकं फोडलं. गोणपाटं परत टाकली, शिडी अनिताच्याच दारात ठिवली, नळ दुपारचा चालू. सात नंबर खाली करायचा न्हाई म्हून सांगून टाकलं. डाव्या खोलीतला कूलर आन् पीओपी बी काढलं. हर्षदानं काल मोजलं, सात नंबरात छत्तीस. विनोद परत कामावर जातोय, आता पॅकिंगला, पाळी मात्र रातचीच. दुपारी आसा झोपतो आक्का, घोरनं रस्त्यापत्तुर ऐकू येतं.

आता एक चांगली गोष्ट सांगतो. दहा तारखेला सायेब परत येनार, सुधारना बघायला. दुपारी दोनची वेळ दिलीय. म्हनतो विनोदला तेवढ्यापुरतं उठवावं, चांगला शर्ट घालावा, आन् सायबासंगट हात वर करून फोटो काढावा. दारावर लावायला बोर्ड बी करतोय, ‘ऊर्जा बचत लाभार्थी’. कसं वाटतंय?

बिरदेव


दौंड
५ जून २०२३

बिरदेव,

चुना, झरोके, शिडी, नळ, सगळं वाचलं. बानूकाकूंना माझा नमस्कार सांग, आणि कडी घालणाऱ्या त्यांच्या हाताला वेगळा सांग. तुझं निम्मं पत्र वाचून होईपर्यंत मला वाटत होतं की या खेपेला तुला आशीर्वाद द्यावेत. मग तो बोर्ड आला.

लाभार्थी! पाहुण्यांना पत्रे चमकताना दिसावेत म्हणून तू ज्याची झोप काढून घेतलीस, त्यापायी ज्याचं बोट गेलं, त्याला लाभार्थी म्हणतोस? आणि हात वर करून फोटो? कुठला हात वर करायला सांगणार आहेस त्याला? मार्चमध्ये पाहुण्यांसाठी गोणपाटं काढलीस, आता पाहुण्यांसाठी झोपलेला माणूस उठवतोस. पीओपी खोलीतून निघालं, तुझ्या डोक्यातून अजून निघालेलं नाही.

तुझ्या लांबलचक पत्रात मी एक वाक्य शोधत होते. तू विनोदसमोर जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणालास, हे त्यात कुठंच नाही. आईनं कडी घातल्याचं आहे, अनितानं तांब्या दिल्याचं आहे, फेव्हिकॉलसुद्धा आहे. ते तेवढं नाही. पत्र्याला चुना मारणं सोपं होतं. हे राहिलेलं काम कर. तो सकाळी आठला कामावरून येतो, तेव्हा सात नंबरच्या दारात उभा राहा आणि म्हण. तो ऐकून घेईल किंवा तोंडावर दार लावेल. दोन्हीचा त्याला हक्क आहे. मग त्याला झोपू दे.

साहेबांना खुशाल बोलाव. डावी खोली आता पुरेशी वाईट झालीय, तिथं पाच मिनिटं बसव. मग उजवीकडे. सांगायचं ते हर्षदा सांगेल, आणि या वेळी तिच्या हातात तुझा कागद नसेल. सात नंबरवरून जाताना सगळ्यांना चपला हातात घ्यायला लाव, साहेबांनासुद्धा. बोर्डाची हौसच असेल तर त्यावर एवढंच लिही: ‘आत माणूस झोपला आहे.’ वीज बचतीचं याहून चांगलं भाषण मला एकतीस वर्षांत जमलं नाही.

आशीर्वाद राहिलेत. अनिताला आणि हर्षदाला आज दे. तुझे, त्या सकाळी आठनंतर.

सुषमाआक्का